तांदळावर लिहिलेलं नाव

संत्र्याला फूल आलं की ते डोळ्यांना दिसायच्या आधी बसमध्ये शिरतं. परवा सौंसरहून पांढुर्ण्याला परतत होतो. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, वारा गार. पुढच्या दोन बाकांवर जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आलेल्या बाया डुलक्या घेत होत्या. एका वळणावर तो वास आत आला आणि त्यांच्यातली एक डोळे न उघडताच म्हणाली, "बहार फुटला वो." मी हातातलं पुस्तक मिटलं आणि खूण ठेवायची राहून गेली.

खूण ठेवायचं काम माझं कधी नव्हतंच. मी वाचता वाचता उठून जायचो, पुस्तक पालथं टाकून. मागून येऊन माझी बायको त्यात काहीतरी घालून ठेवायची: बसचं तिकीट, खडूच्या डब्यावरची कागदी पट्टी, एकदा चक्क वाळलेलं कढीपत्त्याचं पान. तेहतीस वर्षं हे चाललं. आता माझी पुस्तकं जिथल्या तिथे हरवतात.

दिवाळीनंतर ती गेली. तिच्याशिवायचा हा पहिला बहार. पांढुर्ण्यात बोर्डाच्या परीक्षांचे दिवस आणि संत्र्याची फुलं नेमकी एकाच वेळी येतात, म्हणून आमच्या घरात दर माघात दोन वास असायचे. एक बाहेरून येणारा हा, आणि एक नव्या परीक्षा-पॅडच्या पुठ्ठ्याचा. ती शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची. मी सौंसरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, रोज जाऊन येऊन. तिच्या हाताला खडू, माझ्या हाताला धूळ. दोघांच्याही हातांना शाई लागायची, म्हणून घरात एकच साबण पुरत नसे.

मला लिहायचं आहे ते दोन वर्षांपूर्वीच्या माघाबद्दल.

त्या वर्षी आमच्या ओसरीवर सकाळी सहाला चार मुली येत. चौघी दहावीच्या. शिकवणी वगैरे नव्हती ती. शाळेच्या वेळेआधी गणिताची एक सतरंजी, एवढंच. पण याच चौघी का, असं मी एकदा विचारलं तेव्हा तिने बोटावर मोजून सांगितलं, "चौघींचे फॉर्म अडलेत. आणि चौघी घरातल्या पहिल्या आहेत."

या दोन गोष्टींचा संबंध बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या भागातल्या सुना नदीपलीकडून, डोंगरापलीकडून येतात. वरुड, नरखेड, काटोल. नकाशात ते दुसरं राज्य आहे. आमच्यासाठी ते आजोळ. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत कुठल्याही सरकारपेक्षा जुनी. त्यामुळे या पट्ट्यात जवळपास प्रत्येक घरातलं थोरलं लेकरू महाराष्ट्रात जन्मतं आणि धाकटी सगळी मध्यप्रदेशात. एका ताटात जेवणाऱ्या भावंडांची दोन राज्यं. घरात जमीन असली, मागे कुणी शिकलेलं असलं, तर याने काही बिघडत नाही. कागद होतात. ज्यांचं तसं नसतं, त्यांची थोरली मुलगी दहावीच्या फॉर्मपर्यंत येते आणि तिथे तिला कळतं की ती कुठलीच नाही.

आचल त्यांच्यात सगळ्यात उशिरा आलेली. तिचे वडील सावरगावचे. ती तीन वर्षांची असताना ते वारले. पुढे काकाने घराच्या सरकारी यादीत माणसं लिहवून घेतली तेव्हा मायलेकींची नावं त्यात आलीच नाहीत. आई तिला घेऊन वरुडकडच्या माहेरी गेली. तिथे आठवीपर्यंत मुलगी मराठी शाळेत शिकली. मग मामाच्या घरात जागा कमी पडायला लागली, आणि आई पुन्हा इकडे आली, तिगावकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यात राखणीला आणि निंदणाला. बगीच्यातच टिनाची खोली. तिकडे मुलीला म्हणत, हिचं घर मध्यप्रदेशात. इकडे वर्गातल्या मुली म्हणायच्या, महाराष्ट्रवाली.

पोरगी काळीसावळी, उंच, आणि बोलायला अशी की समोरच्याने आधी विचार करून तोंड उघडावं. तिला सारं गणित मराठीतून येत होतं आणि पेपर हिंदीतून लिहायचा होता. पहिल्या आठवड्यात ती वजाबाकी म्हणाली की बाकीच्या तिघी हसायच्या. तिने ऐकून घेतलं. मग एका सकाळी फळ्यावरचं उदाहरण सगळ्यांच्या आधी सोडवून तिने पाटी उलटी धरली आणि म्हणाली, "हे उत्तर कोनत्या भाषेतलं आहे ते सांगा मले आता." त्यानंतर हसणं थांबलं. माझी बायको स्वयंपाकघरात येऊन पदर तोंडाला लावून एकटीच हसली.

नोव्हेंबरात फॉर्म परत आला. शाळेच्या रजिस्टरात आचलच्या आईचं नाव अर्चना होतं. वरुडकडच्या गावातून आणलेल्या जन्माच्या नोंदीत आणि तिथल्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव दुर्गा होतं. मुलीच्या नावाची जागा जन्माच्या नोंदीत मोकळीच, कारण बारसं व्हायच्या आधीच आजोबा नोंद करून आले होते. वडिलांचं नाव दोन्हीकडे सारखं.

ज्या कचेरीने हे जुळवून द्यायचं, तिचं नाव मी लिहीत नाही. तिथे मी त्या हिवाळ्यात बायकोबरोबर चार वेळा गेलो. खिडकीत बसणारे बाबू मुळात आमच्याकडचेच, पण खिडकीच्या आत ते हिंदीच बोलत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि शांतपणे सांगितलं की पिता सही है, माता अलग है. मग आणखी शांतपणे, "हो सकता है दुर्गा पहली वाली हो."

आचलची आई बायकोच्या मागे उभी होती. बारीक अंगाची बाई, हातांवर संत्र्याच्या काट्यांचे ओरखडे. तिला हिंदी चांगलं कळत होतं. ती म्हणाली, "म्हंजे मी माहीच सवत झाली का मंग?"

रांगेतले लोक हसले. ती हसली नाही. बाबूंनी कागद परत सरकवले.

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोने डाळीचा डबा काढला. रागावलेली असली की ती डाळ निवडायला घ्यायची. सूप पुढे घेऊन बसली आणि निवडता निवडता म्हणाली की चूक बाबूची नाही, तिची स्वतःची आहे. नववीत आचलला दाखल करून घेताना तिनेच रजिस्टर भरलं होतं. तिने विचारलं, आईचं नाव? बाई म्हणाली, अर्चना. सासरच्या गावच्या नदीकाठी उभी असलेली बाई दुसरं काय सांगणार? माहेरचं नाव इकडे तोंडातून काढायचं नसतं. आणि हिने दाखला न उघडता ते लिहून टाकलं. "सगळ्या दुनियेत एका मास्तरणीला ध्यानात यायला पाहिजे होतं," ती म्हणाली, "तर ते मला."

हे ऐकून मी पुस्तकाचं पान उलटलं. वाचत नव्हतो.

कारण तिचं नाव मी ठेवलं होतं. आमच्या लग्नात, घरात शिरल्यावर, आईने पितळी ताटात तांदूळ पसरून माझ्यापुढे ठेवले आणि हातात अंगठी दिली. तेव्हा मी तेवीस वर्षांचा, नुकती एक कादंबरी वाचून संपवलेली. तिच्यातली नायिका मला आवडली होती. अंगठीने तांदळात मी लिहिलं: शालिनी. बायांनी वाहवा केली, कुणीतरी पेढा भरवला. जिचं नाव बदललं ती पाटावर शेजारी बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. ती काटोलकडची इंदू होती, बी.एस्सी. झालेली, तिच्या सगळ्या प्रमाणपत्रांवर इंदू होतं, आणि मी ते एका बोटाएवढ्या जागेत पुसून टाकलं. पुढे नोकरीसाठी एक प्रतिज्ञापत्र करून तिने ते जुळवून घेतलं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. माझ्या तोंडून इंदू हे नाव एकदाही निघालं नव्हतं.

आमच्या बायांच्या नव्या नावाचा मूळ कागद म्हणजे ते ताट. त्यावर सही नाही, शिक्का नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजवून खाल्लेले असतात.

बगीच्यात त्या दिवसांत ताण चालू होता. इकडे आंब्या बहारासाठी झाडांचं पाणी महिना-दीड महिना तोडतात. पानं मलूल होतात, कडा वळतात, झाड आता जातं की काय असं नवख्याला वाटतं. मग पाणी सोडलं की पंधरा-वीस दिवसांत फांदी फांदी पांढरी होते. बगीचावाले काका माणूस वाईट नव्हते. त्यांनी आचलला दिवा लावायला वायर ओढून दिली होती. एकदा आम्ही तिला वह्या द्यायला गेलो तेव्हा वाकलेल्या झाडांकडे हात करून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, पोरीचं पन असंच आहे पाहा. तान दिल्याबिगर बहार येत नाही."

मला ते वाक्य आवडलं. मी वाचणारा माणूस. असली वाक्यं मला लगेच आवडतात. बायकोने झाडाच्या खोडाला हात लावला आणि म्हणाली, "काका, तुम्ही पाणी तोडता, पण तारीख ठरवून. परत सोडणार हे तुम्हाला ठाऊक असते. हिचं पाणी कोणी तोडलं ते मला दिसते. सोडणारा कोण आहे तो दाखवा."

काकांनी टोपी सरळ केली. आजही कुणी गरिबीतून फुलणाऱ्या मुलामुलींबद्दल गोड बोलायला लागलं की मला ते खोड आणि त्यावरचा तिचा हात आठवतो. आचल टिनाच्या खोलीत राहते म्हणून हुशार नव्हती. ती टिनाच्या खोलीत राहते तरी हुशार होती, आणि ती खोली तिच्या आड येत होती. एवढं साधं आहे ते. त्याला फुलं चिकटवायची गरज नाही.

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदी आहे. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकत गोटमार होते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामागची गोष्टही सांगतात: एका काठाच्या मुलीला घेऊन दुसऱ्या काठाचा मुलगा नदी ओलांडत होता, आणि दोन्हीकडून दगड आले. लहानपणी मला प्रश्न पडायचा की त्या मुलीचं नाव काय. मी विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, नाव कोणाले माहीत. या गावाला पात्रातली जागा पाठ आहे, तिथे रोवायचं झेंड्याचं झाड पाठ आहे. मुलीचं नाव विचारणारा मी बहुतेक पहिलाच होतो, आणि पुढे मीच तांदळात लिहिलं.

जानेवारीच्या शेवटी सतरंजीवरच्या चौघींपैकी दोघींचे फॉर्म सुटले. आचल आणि मोनाली राहिल्या. पोर्टल बंद व्हायला आठवडा होता. पोरी तरीही येत होत्या. मोनाली रडायची आणि मग रडत रडतच प्रमेय लिहायची. आचल रडत नसे. ती रोज नवीन पेपर सोडवून आणायची आणि वर रोल नंबरच्या चौकटीत पेन्सिलीने शून्य-शून्य-शून्य लिहायची. बायकोने विचारलं, हे काय? म्हणाली, "जागा धरून ठेवली, बाई."

त्याच सकाळी, ती शून्यं पाहून, बायकोने ठरवलं. बाबूंनी एकदा वैतागून म्हटलं होतं की दुर्गा आणि अर्चना एकच आहे याचा पुरावा काय, कोणी पाहिलंय? हिने ते वाक्य शब्दशः धरलं. अर्चनाताईंना तिने विचारलं, तुमच्या नावाचं ताट कोणी कोणी पाहिलं होतं? ताईंनी डोळे मिटून त्या दिवशीची खोली आठवली आणि एकेक नाव सांगितलं. त्या बायांपैकी सात अजून सावरगावात होत्या.

सातही जणी आल्या. ठेवणीतली लुगडी, पातळं, डोक्यावर पदर. कचेरीच्या व्हरांड्यात त्यांना पाहून शिपाई म्हणाला, कोनाचं लग्न हाय का बाप्पा? एक म्हणाली, झालं, अठरा वर्सं झाले, तू जेवाले ये आता. आचल आईला लागून उभी होती, हातात ते दोन न जुळणारे कागद. मी मागे, फायली घेऊन. खिडकीपुढे एवढी गर्दी पाहून बाबू म्हणाले की ये सब क्या है, एक-एक करके आओ.

"एकेकच येऊन राहिल्या," बायको म्हणाली. "नावं लिहून घ्या."

पहिली पुढे झाली. "इथं मंदा. माहेरी शोभा. काटोलची."

"इथं लता. माहेरी सुमी."

"इथं कांता. तिकडं बी कांताच होती, पन सासूचं नाव बी कांता, मंग मले मीरा केलं. पन बोलवत कांताच. तुमाले जे लिहाचं ते लिहा."

बाबूंचा पेन हवेत होता. तीन-चार झाल्यावर सगळ्यात म्हातारी पुढे आली. काठीवर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली, "इथं रुखमा." आणि थांबली. "तिथं... थांबा बाप्पा. आठवू द्या."

रांगेतला एकही माणूस हसला नाही. म्हातारी भिंतीकडे बघत होती. तिच्या ओठांची हालचाल होत होती, कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि ती ऐकायचा प्रयत्न करतेय अशी. मग तिचा चेहरा खुलला. "चंद्री," ती म्हणाली. "चंद्री म्हनत मले."

त्यानंतर माझी बायको पुढे झाली. मला वाटलं आता ती कायद्याचं काही बोलेल. तिने पदर खोचला आणि त्या सात जणींसारखंच सांगितलं, "इथं शालिनी. माहेरी इंदू."

तीस वर्षांनी ते नाव मी ऐकत होतो, आणि मला त्यातलं इतकंच कळलं की ते तिला शोभत होतं.

मग तिने खिडकीत थोडं वाकून, अगदी हळू विचारलं, "साहेब, तुमची आई माहेरी कोण होती?"

बाबूंनी वर पाहिलं. रागावतील असं वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि पहिल्यांदा त्या खिडकीच्या आतून मराठी बाहेर आलं. "कौसल्या," ते म्हणाले. "इथं विमल."

"थोरले का तुम्ही?"

"हाव."

"मग जन्म?"

"नरखेडले," ते म्हणाले, आणि तोंड वळवून आतल्या बाजूला हाक मारली की पंचनाम्याचा कागद आणा. मग पुन्हा हिंदीत, जरा जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की ऐसा होता नहीं है, लेकिन अंगूठे लगेंगे सबके.

"घ्या ना," मंदाबाई म्हणाली, "दोन्ही नावाचे दोन-दोन घ्या."

आचलचा रोल नंबर पहिल्या पेपराच्या पाच दिवस आधी आला. तिने जुन्या सराव पेपरांवरची पेन्सिलीची शून्यं खोडली आणि प्रत्येकावर खरा नंबर लिहिला, सगळ्या बावीस पेपरांवर. बायको म्हणाली, हे कशाला, ते तर झाले. ती म्हणाली, "त्याइले बी माहीत झालं पाहिजे."

मोनालीचा आला नाही. तिला आईच्या माहेरची साक्ष लागत होती, पण ते घर मोडलं होतं, तिथे कुणी उरलं नव्हतं, आणि आम्ही उशीर केला. गणिताच्या पेपराच्या दिवशी ती सकाळी सहाला सतरंजीवर येऊन बसली, कंपास घेऊन. केंद्रावरचा पेपर सुटल्यावर बायकोने तिला तोच अख्खा पेपर घरी सोडवायला दिला, वेळ लावून, आणि तपासून गुण दिले. सत्तर. ते गुण कुठल्याच कागदावर नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात मोनालीचं लग्न झालं. त्या लग्नाला बायको गेली आणि ताट आलं तेव्हा उठून बाहेर उभी राहिली, असं तिनेच मला सांगितलं. शेवटपर्यंत तिच्या बोलण्यात सुटलेल्या तिघी फारशा येत नसत. मोनाली येई.

कचेरीतल्या त्या दिवसापासून मुली तिला इंदूबाई म्हणायला लागल्या. सुरुवात आचलने केली, अर्थातच. शाळेत शालिनी मॅडम, ओसरीवर इंदूबाई. मी मात्र म्हणू शकलो नाही. दोन वर्षं होती हातात. एकदा ती कपडे वाळत घालत असताना मी तोंड उघडलंही होतं. तिने वळून पाहिलं, काय? मी म्हटलं, चहा. तिने चहा केला.

दिवाळीनंतर तिचं एक जुनं दुखणं वाढलं आणि आठवड्यात ती गेली. मृत्यूचा दाखला आला. त्यावर शालिनी. एका कादंबरीतून उचललेलं नाव, आणि त्यापुढे मृत. माझ्या हातून झालेली ती खाडाखोड आता कायमची झाली होती, गोल शिक्का मारून. तो कागद मी कपाटात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. आणि परवा तो बहार बसमध्ये आला तेव्हा कळलं की मी हे असं राहू देणार नाही.

सौंसरहून उतरलो तो थेट त्याच कचेरीत गेलो. खिडकीत आता दुसरे बाबू आहेत, तरुण, सभ्य. मी सांगितलं की दाखल्यावर दुसरंही नाव हवं. त्यांनी विचारलं, किसी काम के लिए चाहिए? कुठे अडलंय? मी म्हटलं, कुठेच नाही. त्यांना ते समजेना. पेन्शन? जमीन? मी म्हटलं, काहीच नाही, ती दोन नावांची होती म्हणून. त्यांनी मान हलवली आणि नियम सांगितला: दोन्ही नावांनी ओळखणारा एक साक्षीदार, शक्यतो माहेरचा, कागदपत्रांसह.

माहेरचं कुणी नाही. तिचे भाऊ आधीच गेले. घरी आलो तर ओसरीवर आचल बसलेली. यंदा ती बारावीला आहे. बगीच्यात तोडणीची माणसं, कॅरेट, ट्रॅक्टर, सगळा गोंगाट. म्हणून ती अभ्यासाला इथेच येते. मला रसायनशास्त्रातलं काही येत नाही. मी फक्त दार उघडं ठेवतो. तिने माझं तोंड पाहिलं आणि विचारलं. मी सांगितलं.

"मी येतो ना काका उद्या."

मी म्हटलं, तुझा पेपर.

"परवा हाय. उद्या काई नाई."

मी म्हटलं, तू माहेरची नाहीस.

"मी त्याइचं माहेरचं नाव घेतो," ती म्हणाली. "तुमी तर ते बी नाई घेत."

तिचं खरं होतं. मी आत जाऊन कपाटातून दाखला काढला.

काल सकाळी आम्ही त्या खिडकीपुढे उभे राहिलो. मागच्या पावसाळ्यात तिला अठरा पूर्ण झाली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने आधार कार्ड काढलं, आणि कुणी मागितली नव्हती तरी दहावीची मार्कशीटही काढून त्यावर ठेवली. मातेच्या नावापुढे तिथे छापलेलं आहे: दुर्गा उर्फ अर्चना. बाबूंनी ते वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं. अर्जात एक रकाना होता, मृत व्यक्तीशी नातं. तिने लिहिलं, छात्रा. बाबू म्हणाले की ये कोई रिश्ता नहीं होता.

"मंग त्या रकान्यात जागा काऊन ठेवली?" ती म्हणाली. तिने खोडलं नाही.

त्यांनी ते तसंच राहू दिलं. पेन उचलून विचारलं, "मायके का नाम आपको किसने बताया?"

"त्याइनंच."

"कब? कहां?"

"ह्याच खिडकीवर," ती म्हणाली. "मी इथंच उभी होती."

बाबूंनी कागद पुढे ओढला. शालिनीचा श लिहायला त्यांनी पेन टेकवला आणि माझा हात आपोआप काचेखालच्या फटीतून आत गेला. मी त्यांना थांबवलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मी ते मोठ्याने म्हटलं, रांगेला ऐकू जाईल इतकं.

"इंदू. आधी ते लिहा. ते आधीचं आहे."